ड्राइव्ह दुरुस्तीच्या टेबलावर डिफरन्शिअल प्रोब : कुठे भरवसा ठेवावा, कुठे नाही

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि खाडीपलीकडे रबाळे, महापे, तुर्भ्याच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), सर्व्हो, यूपीएस, वेल्डिंग इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांच्या टेबलावर डिजिटल स्कोप आता सहज दिसतो. डिफरन्शिअल प्रोबची, म्हणजे कुठलंही टोक अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला फरक दाखवणाऱ्या प्रोबची, खरेदी मात्र पुढे ढकलली जाते, आणि तो येईपर्यंत स्कोपच्या प्लगची अर्थ पिन कापून काम भागवलं जातं. हे परीक्षण त्या प्रोबचं आहे: १०० मेगाहर्ट्झ, ५०एक्स आणि ५००एक्स (सिग्नल ५० किंवा ५०० ने भागणाऱ्या) अशा दोन रेंज, ±१३०० व्होल्ट, यूएसबीवर चालणारा. या मापाचे प्रोब अनेक कंपन्या विकतात. आम्ही लिहितो आहोत ते या वर्गाबद्दल, कुठल्या एका शिक्क्याबद्दल नाही, कारण जे गुणदोष सांगायचे आहेत ते या मापातच आहेत.

निकाल आधीच सांगतो. घ्यावा. पण खोक्यावर ठळक छापलेले १०० मेगाहर्ट्झ पाहून घेऊ नये. डेटाशीटमधली सीएमआरआरची, म्हणजे दोन्ही लीडवर सारखंच येणारं व्होल्टेज प्रोब किती विसरतो त्याची, ओळ वाचून घ्यावा. आणि घेतल्यावर, दोन्ही क्लिपा एकाच बिंदूला लावून काय दिसतं ते पाहिल्याशिवाय त्याच्या एकाही वेव्हफॉर्मवर निदान करू नये.

अर्थ पिन कापून नेमकं काय बिघडतं

४१५ व्होल्टच्या थ्री-फेज ड्राइव्हमध्ये डीसी बस ५६० व्होल्टच्या आसपास असते, बिनलोडला ५८७ पर्यंत चढते. या बसचं मायनस टोक म्हणजे अर्थ नव्हे. ते अर्थच्या सापेक्ष साधारण उणे २८० व्होल्टवर असतं आणि रेक्टिफायरच्या चालीवर १५० हर्ट्झने हलतं. तिथे अर्थ केलेल्या स्कोपची काळी क्लिप लावली की फेज थेट डायोड ब्रिजमधून, प्रोबच्या बारीक शील्डमधून आणि स्कोपच्या बोर्डावरच्या ग्राउंड ट्रॅकमधून अर्थला जाते. ब्रिज उडतो, प्रोब जळतो, आणि बऱ्याचदा स्कोपचा इनपुट विभागही जातो.

पिन कापली की हा धमाका टळतो, पण मग स्कोपची अख्खी बॉडी त्या व्होल्टेजवर जाते. बीएनसीचं (स्कोपच्या इनपुटच्या जोडाचं) धातूचं कवच, मागचा यूएसबी पोर्ट आणि त्याला जोडलेला लॅपटॉप, सगळं जिवंत. हा झाला जिवाचा प्रश्न. मापनाचा प्रश्नही तेवढाच मोठा आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. स्कोपच्या बॉडीला अर्थच्या सापेक्ष कपॅसिटन्स असतो, सहज १०० पिकोफॅरड. आयजीबीटीचं (ड्राइव्हमधल्या पॉवर स्विचचं) आउटपुट १०० नॅनोसेकंदात ५६० व्होल्ट चढलं तर दर नॅनोसेकंदाला ५.६ व्होल्ट झाले. १०० पिकोफॅरडला त्या वेगाने ओढायला ०.५६ अँपिअर लागतो. म्हणजे काळी क्लिप आउटपुटच्या यू फेजवर लावलीत तर प्रत्येक स्विचिंगला अर्धा अँपिअरचा झटका तुमच्या ग्राउंड लीडमधून जातो आणि त्या लीडच्या इंडक्टन्सवर स्वतःचं रिंगिंग उभं करतो. पडद्यावर दिसणारा गेटचा तरंग त्यामुळे ड्राइव्हचा राहत नाही, तुमच्या वायरिंगचा होतो.

स्कोपला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावणं म्हणजे याच चुकीचा महागडा अवतार. ट्रान्सफॉर्मर लावायचाच असेल तर दुरुस्तीच्या वस्तूला लावावा, आणि तोही सिंगल-फेज छोट्या एसएमपीएसपुरता (स्विचिंग पॉवर सप्लायपुरता).

आत काय असतं

दोन लाल-काळ्या लीड, मधे एक डबी, पलीकडे बीएनसी. डबीत प्रत्येक लीडमागे एक रेझिस्टर डिव्हायडर असतो, साधारण ५ मेगाओहमचा, त्याला समांतर ट्रिम केलेले कपॅसिटर, आणि शेवटी दोन्हींची वजाबाकी करणारा डिफरन्शिअल अँप्लिफायर. इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा: हा प्रोब आयसोलेटेड नाही. प्रत्येक लीडपासून स्कोपच्या अर्थपर्यंत ते ५ मेगाओहम असतातच. ५६० व्होल्टवर ०.११ मिलिअँपिअर गळतो, म्हणून काही जाणवत नाही, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही हलत नाही. पण स्कोपला अर्थ हवीच. बॅटरीवर चालणारा हँडहेल्ड स्कोप असेल तर त्याचं ग्राउंड टर्मिनल पॅनलच्या अर्थ बसबारला वेगळ्या वायरने जोडा. नाहीतर वजाबाकी कशाच्या सापेक्ष करायची हेच त्या अँप्लिफायरला कळत नाही आणि तरंग पडद्यावरून वाहत जातो.

सीएमआरआर, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजतो ते

वरच्या आयजीबीटीचा गेट बघायचा आहे. गेट आणि एमिटर यांच्यात हवे ते फक्त १५ व्होल्ट. पण ते दोघेही एकत्र ५६० व्होल्टची उडी मारत असतात. प्रोबने ही सामाईक उडी पूर्ण विसरायची आणि फरक तेवढा दाखवायचा. किती चांगलं विसरतो, त्याचं माप म्हणजे सीएमआरआर, आणि ते फ्रीक्वेन्सीबरोबर घसरत जातं.

या वर्गातल्या डेटाशीटवर साधारण असे आकडे असतात: डीसीला ८० डीबी, १०० किलोहर्ट्झला ६०, १ मेगाहर्ट्झला ५०. आता ५६० व्होल्टला भागून बघा. ८० डीबी म्हणजे दहा हजारात एक, चूक ५६ मिलिव्होल्ट. उत्तम. ६० डीबी म्हणजे हजारात एक, चूक ०.५६ व्होल्ट. चालेल. ५० डीबी म्हणजे ३१६ मध्ये एक, चूक जवळपास १.८ व्होल्ट. इथून सावध व्हायचं. ४० डीबीला चूक ५.६ व्होल्ट होते, आणि आयजीबीटीचा थ्रेशोल्ड नेमका त्याच्याच आसपास असतो. पुढे काही दहा मेगाहर्ट्झवर २६ डीबी उरले तर २८ व्होल्टचा खोटा काटा दिसेल, खऱ्या सिग्नलच्या जवळपास दुप्पट.

१०० नॅनोसेकंदाच्या कडेत जी फ्रीक्वेन्सी दडलेली असते ती ०.३५ भागिले चढण्याचा वेळ, म्हणजे ३.५ मेगाहर्ट्झ. म्हणून जुन्या, संथ आयजीबीटीच्या ड्राइव्हवर हा प्रोब गेट बऱ्यापैकी दाखवतो, कडेवर दोन-चार व्होल्टचा खोटेपणा धरून. सिलिकॉन कार्बाइडच्या नव्या इन्व्हर्टरमध्ये कडा दहा-वीस नॅनोसेकंदाच्या असतात. तिथे वरच्या गेटवर या प्रोबचं काहीच खरं मानू नका. त्या कामासाठी ऑप्टिकल आयसोलेशनचे प्रोब आहेत. टेक्ट्रॉनिक्सने आयसोव्ह्यू २०१६ साली आणला तो याच अडचणीवर. त्यांची किंमत दुरुस्तीच्या दुकानाला झेपणारी नाही. तेव्हा खालचा गेट नीट मापा, वरच्याचं ड्रायव्हर कार्ड बस बंद ठेवून, बाहेरून सप्लाय देऊन तपासा.

या हिशोबाचा रोजच्या कामात फटका बसतो तो असा. वरच्या गेटवर बंद अवस्थेत पाच-सहा व्होल्टचा टोकदार काटा दिसतो. "मिलर इफेक्टने डिव्हाइस चुकून चालू होतंय" असं निदान होतं. टीएलपी२५० हा गेट ड्रायव्हर आयसी बदलला जातो, गेट रेझिस्टर बदलला जातो, झेनर बदलला जातो, आणि काटा तिथेच. तो गेटवर नव्हताच.

हे ओळखायला एक मिनिट पुरतं. दोन्ही क्लिपा एकाच बिंदूला लावा, त्याच एमिटरला, ज्याच्यावर काळी लावणार होता. ड्राइव्ह त्याच बसवर, त्याच कॅरिअर फ्रीक्वेन्सीवर चालवा. फरक शून्य आहे, म्हणून रेघ सपाट यायला हवी. जे काही दिसतं ते सगळं प्रोबचं आणि तुमच्या मांडणीचं. तो तरंग स्कोपच्या रेफरन्स मेमरीत साठवा आणि मग लाल क्लिप गेटवर न्या. खरा तरंग आणि प्रोबचा खोटेपणा एकाखाली एक दिसतात.

दुसरी चाचणी याहून नेमकी: लीड उलट करून परत मापा. खरा सिग्नल उलटा होतो, सामाईक चूक बहुतांशी आहे तशीच राहते. म्हणून पहिल्या मापातून दुसरं वजा करून दोनाने भागलं की चूक बरीचशी निघून जाते. काटा दोन्ही वेळा एकाच दिशेला उभा राहिला तर तो सर्किटमधला नाही, हे तर आकडेमोड न करताही कळतं.

५०एक्स की ५००एक्स

५००एक्सला ठेवून सगळं मापायची सवय वाईट. १५ व्होल्टचा गेट ५००एक्सवर स्कोपला फक्त ३० मिलिव्होल्ट देतो. स्कोपचा आणि प्रोबचा मिळून १ मिलिव्होल्टचा गोंगाट धरला तर तो पडद्यावर अर्धा व्होल्ट होऊन येतो आणि तरंग केसाळ दिसतो. ५०एक्सवर तोच गेट ३०० मिलिव्होल्ट देतो. आठ बिटच्या स्कोपवर ५ व्होल्ट प्रति डिव्हिजन ठेवलं तर आठ डिव्हिजनचे ४० व्होल्ट २५६ पायऱ्यांत, म्हणजे पायरी ०.१६ व्होल्टची. गेटच्या कामाला हे पुरतं.

भीती वाटते ती अशी की बस ५६० ची आहे, मग ५०एक्सची १३० व्होल्टची मर्यादा ओलांडली जाईल. तसं होत नाही. १३० ही मर्यादा दोन लीडमधल्या फरकाची. प्रत्येक लीड अर्थच्या सापेक्ष किती वर जाऊ शकते ती मर्यादा वेगळी छापलेली असते, आणि या वर्गात ती दोन्ही रेंजना बहुधा सारखीच असते. तरी आपल्या प्रोबच्या कागदावर ती ओळ बघूनच लावा. कलेक्टर-एमिटर, बस आणि फेज-टू-फेज यांना मात्र ५००एक्स.

ओव्हरलोडचा दिवा किंवा बझर वाजला की तेवढा तरंग टाकून द्या. आतला अँप्लिफायर भिंतीला टेकून परत यायला वेळ घेतो, आणि त्या वेळात दिसणारी शेपटी खरी नसते.

मर्यादेबद्दल आणखी एक. १३०० व्होल्ट हा आकडा डीसी आणि कमी फ्रीक्वेन्सीचा. फ्रीक्वेन्सी वाढली की परवानगीचं व्होल्टेज उतरतं, त्याचा आलेख मॅन्युअलमध्ये असतो. इंडक्शन हीटिंगच्या कॉइलवर प्रोब लावणाऱ्यांनी तो आलेख समोर ठेवावा. कॅटेगरीचंही, म्हणजे प्रोब कुठल्या जागी वापरायचा ते सांगणाऱ्या सुरक्षा-रेटिंगचंही, तसंच. कॅट दोन म्हणजे प्लग लावून चालणारी यंत्रं, कॅट तीन म्हणजे पॅनल आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड. एकाच प्रोबवर कॅट दोनला १००० व्होल्ट आणि कॅट तीनला ६०० व्होल्ट असं छापलेलं असू शकतं. कारखान्याच्या पॅनलमध्ये ६०० चाच आकडा तुमचा.

जोडणी

प्रोब वीस मिनिटं आधी चालू करून ठेवा. गरम होताना शून्य सरकतं. स्कोपचं चॅनल डीसी कपलिंगला, इनपुट १ मेगाओहमला. हाय-इम्पिडन्स आउटपुटच्या प्रोबवर चुकून ५० ओहम निवडलं तर माप निम्मं किंवा त्याहून वाईट येतं. चॅनलचं अटेन्युएशन प्रोबच्या बटणाशी जुळवा. बटण दाबलं म्हणजे स्कोपला आपोआप कळेल असं नाही, आणि दहापट चुकलेला बसचा आकडा धोकादायक असतो. दोन्ही क्लिपा एकमेकींना लावून ऑफसेट शून्यावर आणा.

ड्राइव्ह बंद करा, लेबलवर लिहिलेली मिनिटं थांबा, मग मल्टिमीटरने बस ५० व्होल्टच्या खाली आली हे बघा, त्यानंतरच क्लिपा लावा. एलईडी विझला हा पुरावा धरू नका. लीड पीळ देऊन गुंडाळा, मिलिमीटर-मिलिमीटर मोजायची गरज नाही, पण दोघींमध्ये बोट जाईल इतकी फट राहू नये. त्या फटीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र व्होल्टेज बनून मापात येतं, आणि ड्राइव्हच्या पोटात असं क्षेत्र भरपूर असतं. एक लीड हीटसिंकवरून आणि दुसरी हवेतून अशी नेली तर दोघींचा कपॅसिटन्स वेगळा होतो आणि विकत घेतलेला सीएमआरआर जातो. लीड लांब करायला वायरचे तुकडे जोडू नका. १०० मेगाहर्ट्झचा ३.५ नॅनोसेकंद चढ-वेळ अर्ध्या मीटरच्या मोकळ्या वायरीवर टिकत नाही, रिंगिंग तेवढं वाढतं. पिना बारीक असतील तर बोर्डावर दोन बर्गच्या पिना सोल्डर करून त्यांवर लीड बसवणं हे क्लिपेपेक्षा कितीतरी चांगलं.

सप्लाय चालू केल्यावर लीडला हात नाही. क्लिप हलवायची असेल तर पुन्हा बंद, पुन्हा वाट, पुन्हा मल्टिमीटर.

यूएसबी सप्लाय कुठून देता याने फरक पडतो. स्वस्त मोबाइल चार्जरचा स्विचिंगचा आवाज ५०एक्सवर स्पष्ट उठून दिसतो. स्कोपच्या स्वतःच्या यूएसबी पोर्टवर चालत असेल तर सगळ्यांत बरं. पॉवर बँक शांत असते, पण काही पॉवर बँका कमी करंट ओढला जातोय असं पाहून आपोआप बंद होतात. प्रोब मेला की पडद्यावर सपाट रेघ येते, आणि बस मात्र ५६० व्होल्टलाच असते. म्हणून सपाट रेघेवरून सप्लाय गेला असं कधीही ठरवायचं नाही.

ए वजा बी चालत नाही का?

दोन १०एक्स प्रोब, दोन चॅनल, मॅथ्समध्ये ए वजा बी. पैसे लागत नाहीत, अर्थ कापावी लागत नाही, म्हणून पिन कापण्यापेक्षा शंभरपट चांगलं. पण मर्यादा समजून. दोन प्रोब एक टक्क्याने वेगळे असले तर ५६० वर ५.६ व्होल्टची चूक डीसीलाच बसते. शिवाय दोन्ही चॅनलवर पूर्ण ५६० पडद्यात मावायला हवेत: १०० व्होल्ट प्रति डिव्हिजन, एकूण ८०० व्होल्ट, २५६ पायऱ्या, म्हणजे पायरी ३.१ व्होल्टची. १५ व्होल्टचा गेट पाच पायऱ्यांत. हा जिना आहे, तरंग नव्हे. तरंग पडद्याबाहेर जाऊ देऊन संवेदनशीलता वाढवली तर चॅनल ओव्हरलोड होतं आणि वजाबाकी निरर्थक होते. आणि साध्या १०एक्स प्रोबवर ३०० व्होल्टच लिहिलेलं नाही ना, तेही बघा.

२४ व्होल्टच्या पीएलसी सर्किटला, एन्कोडरच्या ए आणि ए-बारला, आरएस-४८५ ला ए वजा बी छान चालतं. दोन्ही प्रोब एकाच जातीचे घ्या, स्कोपच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी तरंगावर दोन्हींची भरपाई एकाच वेळी जुळवा, व्होल्ट प्रति डिव्हिजन दोन्हीकडे सारखं ठेवा, आणि दोन्ही ग्राउंड क्लिपा एकमेकींना जोडून मोकळ्या सोडा.

लहान सिग्नलला हा प्रोब नको

इथे हा वर्ग साफ नापास आहे आणि विकणारे ते सांगत नाहीत. १०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टच्या शंटवर (करंट मापायच्या लहान रेझिस्टरवर) ५०एक्स लावलं तर स्कोपपर्यंत दीड मिलिव्होल्ट पोचतो. एसएमपीएसच्या ५० मिलिव्होल्ट रिपलचा १ मिलिव्होल्ट होतो. दोन्ही गोंगाटात बुडतात. इथे भागणारा नको, गुणणारा डिफरन्शिअल अँप्लिफायर हवा, आणि तो टेबलावर बनवता येतो.

एडी८४२१ हा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर घ्या. त्याचा गेन म्हणजे १ अधिक ९.९ किलोओहम भागिले गेन रेझिस्टर. १.१ किलोओहम लावला की बरोबर १०, १०० ओहम लावला की बरोबर १००. शंभरच्या गेनलाही २ मेगाहर्ट्झ बँडविड्थ मिळते. जुना एडी६२० सहज मिळतो, पण शंभरच्या गेनला तो १२० किलोहर्ट्झवर थांबतो. ५० हर्ट्झच्या कामाला पुरे, स्विचिंगच्या कामाला नाही. सप्लाय म्हणून दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, प्रत्येक पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरड. धातूची डबी, आणि डबी स्कोपच्या ग्राउंडला. ७५ मिलिव्होल्टला दहाचा गेन पुरतो, ०.७५ व्होल्ट येतात. शंभर लावाल तर साडेसात व्होल्ट लागतील आणि बॅटरी थोडी उतरली की तरंगाचं डोकं कापलं जाईल.

इथे हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे इनपुटचा परतीचा रस्ता. सोर्स तरंगता असेल, म्हणजे ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग किंवा थर्मोकपल, तर दोन्ही इनपुटपासून ग्राउंडला १-१ मेगाओहम द्यावाच लागतो. नाहीतर इनपुटचा बायस करंट कुठे जाणार? आउटपुट काही सेकंदांत एका टोकाला जाऊन बसतं आणि आयसी खराब समजून बदलला जातो. दुसरी चूक फिल्टरमधली. दोन्ही पायांना रेझिस्टर आणि ग्राउंडला एकेक कपॅसिटर लावले, आणि ते कपॅसिटर पाच टक्क्यांनी वेगळे निघाले, की वरच्या फ्रीक्वेन्सीला सीएमआरआर कोसळतो. उपाय जुना आहे: दोन्ही इनपुटच्या मधोमध त्यांच्या दहापट कपॅसिटर लावा, म्हणजे लहानांमधला फरक झाकला जातो.

साधा ऑप-अँप आणि चार रेझिस्टर लावून काम भागेल असं वाटतं. एक टक्क्याच्या रेझिस्टरांनी, गेन १ असताना, वाईटात वाईट सीएमआरआर ३४ डीबी येतो, पन्नासात एक. दशांश टक्क्याच्या रेझिस्टरांनीही ५४. म्हणूनच लेझरने ट्रिम केलेले रेझिस्टर आतच घेऊन आलेला एडी६२९ मोलाचा. ±१५ व्होल्ट सप्लायवर तो ±२७० व्होल्टचा सामाईक व्होल्टेज सहन करतो, गेन १, बँडविड्थ ५०० किलोहर्ट्झ. टेलिकॉमची उणे ४८ व्होल्टची बॅटरी, सबस्टेशनची ११० व्होल्टची कंट्रोल सप्लाय, अशा ठिकाणी तो चोख बसतो. मात्र त्याच्या एकाच इनपुटला बाहेरून संरक्षण म्हणून शंभर ओहमसुद्धा लावू नका. आतलं जुळणं तेवढ्यानेही बिघडतं.

आणि हे ठळक लिहायला हवं: एडी८४२१ ची ही डबी ड्राइव्हच्या बसवरच्या शंटला कधीही लावायची नाही. तो शंट मायनस बसवर असला तरी ती बस अर्थपासून २८० व्होल्ट दूर आहे. डबी, स्कोप आणि कदाचित हात, तिन्ही जातील. ड्राइव्हचा करंट मापायचा तर क्लँप करंट प्रोब.

प्रयोगशाळेतल्या जुन्या यंत्रांबद्दल थोडक्यात. टेक्ट्रॉनिक्सचा ७ए२२ प्लग-इन १०० किलोहर्ट्झपर्यंत एक लाखात एक इतका सीएमआरआर देतो आणि १० मायक्रोव्होल्ट प्रति डिव्हिजनपर्यंत उतरतो. सेकंडहँड, चालू स्थितीत, मेनफ्रेमसकट मिळाला तर सोडू नका. लेक्रॉयचा डीए१८५५ए हा १०० मेगाहर्ट्झचा, पॉवर सप्लायच्या कामासाठी अतिशय नेटका अँप्लिफायर, पण दुरुस्तीच्या दुकानाचं ते गणित नव्हे.

पॉवर मापताना

कलेक्टर-एमिटर या प्रोबवर, करंट क्लँपवर, आणि दोन्हींचा गुणाकार करून स्विचिंग लॉस. पद्धत बरोबर, पण दोन्ही प्रोबांचा उशीर वेगळा असतो. नुसत्या १० नॅनोसेकंदाच्या फरकाने, ५६० व्होल्ट आणि २० अँपिअरला, एका स्विचिंगला ११२ मायक्रोज्यूलपर्यंत चूक येऊ शकते. ८ किलोहर्ट्झ कॅरिअरला हे ०.९ वॅट. चालू होतानाचा लॉस कमी दिसेल आणि बंद होतानाचा जास्त, किंवा उलट. स्कोपच्या मेन्यूत हा उशीर जुळवणारा डिस्क्यू असतो. शुद्ध रेझिस्टिव्ह लोडवर, कमी इंडक्टन्सच्या रेझिस्टरवर, व्होल्टेज आणि करंटच्या कडा एकमेकींवर बसवून तो आकडा एकदा ठरवा आणि प्रोबवरच चिकटपट्टीवर लिहून ठेवा. ५०एक्स आणि ५००एक्सचा उशीरही एकच असेल असं धरू नका.

खाडीची हवा आणि पावसाळा

जून ते सप्टेंबर ठाण्यात आणि नवी मुंबईत आर्द्रता इतकी असते की क्लिपेच्या प्लास्टिकवरून गळती होते. खाडीची खारट धूळ बसलेली असेल तर जास्तच. ५ मेगाओहमच्या डिव्हायडरमध्ये ५०० मेगाओहमची गळतीसुद्धा एक टक्का चूक देते, आणि ती एकाच लीडवर असली तर थेट सीएमआरआर खाते. लीड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सिलिका जेल टाकलेल्या घट्ट डब्यात ठेवा. एसी केबिनमधून थेट गरम शॉपफ्लोअरवर नेलेल्या प्रोबला व्होल्टेज देण्याआधी अर्धा तास थांबा. त्यावर दव जमलेलं असतं. लीडच्या मुळाशी जिथे वायर डबीत शिरते तिथे इन्सुलेशनला चीर पडते, दर महिन्याला वाकवून बघा. चीर दिसली की टेप गुंडाळू नका, लीड बदला. म्हणून खरेदीच्या वेळीच विचारा, लीड सुट्या मिळतात का? ज्या प्रोबच्या लीड डबीत कायमच्या बसवलेल्या असतात तो आम्ही एक पायरी खाली ठेवू.

विकत घेताना

ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोड, किंवा ऑनलाइन. ऑनलाइनमध्ये निवड मोठी, पण परत करायची मुदत संपायच्या आत खालची तपासणी करून मोकळं व्हायचं.

कागदावर सीएमआरआर निदान तीन फ्रीक्वेन्सींना दिलेला हवा. फक्त "८० डीबीपेक्षा जास्त" एवढंच लिहिलेलं असेल तर तो डीसीचा किंवा ५० हर्ट्झचा आकडा आहे, आणि तुमचं काम तिथे नाही. आयईसी ६१०१०-०३१ चा उल्लेख आणि कॅट रेटिंग प्रोबच्या अंगावर छापलेलं हवं, नुसतं खोक्यावर नको. आयएसओ ऑडिट असलेल्या कारखान्यांसाठी काम करत असाल तर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या लॅबचं कॅलिब्रेशन वेगळं करून घ्यावं लागेल. कंपनीचं खोक्यातलं चिटोरं ऑडिटरला पुरत नाही.

काउंटरवर स्कोप असेलच. आधी ५०एक्सला स्कोपच्या कॅलिब्रेटरचा १ किलोहर्ट्झचा चौकोन बघा. लहान दिसेल, पण माथे सपाट हवेत. उतार किंवा कुबड दिसलं तर आतली भरपाई जुळलेली नाही. मग दोन्ही क्लिपा एकमेकींना लावून बटण ५०एक्स-५००एक्स असं चार-पाच वेळा फिरवा, शून्य दर वेळी त्याच जागी परत यायला हवं. शेवटी दोन्ही क्लिपा एकाच फेजला, शक्यतो शटर असलेल्या टेस्ट सॉकेटवर, ५०एक्सला. ३२५ व्होल्ट पीकला ८० डीबीने ३३ मिलिव्होल्ट पीक यायला हवेत. पडद्यावर ५० हर्ट्झची लाट स्पष्ट, व्होल्टभर उंच दिसली तर तो नग बाजूला ठेवायला सांगा आणि दुसरा उघडायला लावा. जो नग तपासला त्याचाच सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.